नऊ नंबरची सकाळची सुट्टी

नंदीश खेडगी जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर रुंद निळा पट्टा उमटलेला होता. लिंबाजी माळींनी तो पाहिला आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

"खाली शटरला टेकलात ना?" शिवकन्या बिराजदार म्हणाल्या. "बसा. खुर्चीला मात्र टेकू नका."

"तेरा तारखेला पहिला हात दिला होता," लिंबाजी ओशाळून म्हणाले. "पुढं तीन दिवस आभाळानं सूर्य दाखवला न्हाय. रंग तसाच चिकट राहिला. वरून दुसरा हात दिला, ती माझी चूक. आता महिना संपत आला तरी वाळेना."

भूमच्या बसस्थानकासमोर लिंबाजींचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोलीत शिवकन्याताईंनी दोन वर्षांपूर्वी 'बिराजदार तपास सेवा' अशी पाटी लावली होती. त्याआधी बावीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या. भरलेल्या गाडीत तिकीट न काढलेला माणूस त्या मानेवरून ओळखत. पाटी लागल्यापासून लिंबाजींचं लक्ष गिऱ्हाइकापेक्षा वरच्या मजल्यावर जास्त असे. आपल्यालाही थोडंफार जमतं, असं त्यांना वाटे. ताईंनी त्यांचा हा समज कधी मोडला नव्हता.

"आमच्या नऊ नंबरला रोज सकाळी कोणीतरी सुट्टी देतं," नंदीश म्हणाला.

तो तिशीतला इंजिनिअर होता. खडकमाळ गावाच्या माळावर त्याच्या कंपनीच्या अकरा पवनचक्क्या होत्या आणि त्या सगळ्या त्याच्या देखरेखीखाली होत्या. दसऱ्यापासून त्यातली नऊ नंबरची रोज सकाळी सव्वासात-साडेसातच्या सुमारास बंद पडे आणि अर्ध्या तासाने पुन्हा फिरू लागे.

"वारा पडत असंल," लिंबाजी म्हणाले.

"वारा पडला की अकराच्या अकरा थांबतात. तेव्हा कंपनी गप्प असते, वाऱ्याला मेमो देता येत नाही. इथं ही एकटीच थांबते. संगणकावर कारण येतं: खालचं लाल बटण दाबलं. खांबाच्या आत, दाराशीच असतं ते. संकट आलं तर दाबायचं. फिरवून सोडलं की पाच मिनिटांत चक्की चालू."

"दाराला कुलूप?"

"चांगलं जाड. किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, दुसरी वॉचमन गोरोबाच्या करदोट्याला. सकाळी साडेसातला मी भूममध्ये, मॅनेजरसाहेबांसमोर व्हिडिओ मीटिंगला असतो. आणि गोरोबाला त्याच वेळी एक नंबरच्या चक्कीसमोर उभं राहून हजेरीचा फोटो पाठवावा लागतो. ती दोन किलोमीटर लांब आहे."

"कॅमेरा नाही?"

नंदीश थोडा चाचरला. "आहे. पण तो गावच्या लाइनीवर चालतो. सकाळी सहा ते नऊ गावात लोडशेडिंग असतं."

लिंबाजींना हसू आलं. अकरा पवनचक्क्यांच्या पायथ्याशी विजेविना बसलेला कॅमेरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी ते हसू खोकल्यात घालवलं.

"पाळत ठेवलीत?" ताईंनी विचारलं.

"ठेवली. चौदा, पंधरा, सोळा, असे तीन दिवस पहाटेपासून जीपमध्ये बसलो. तिन्ही दिवस चक्की नीट फिरली. सतराला गेलो नाही, तर लगेच बंद. म्हणून साहेब म्हणतात, चोराला आतून खबर मिळते. सोमवारी ते स्वतः येतायत. गोरोबाला काढणार आणि गजराबाई म्हणून एक बाई कायम तक्रार करतात, त्यांच्यावर पोलीस केस करणार. गोरोबा माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, ताई. त्यानं हे केलेलं नाही. पण मला ते दाखवता येत नाही."

त्या दिवशी शनिवार होता. शिवकन्याताईंनी पर्स उचलली. "लिंबाजीभाऊ, गाडी काढा."

*

लांबून पवनचक्की लिंबाजींना कायम खेळण्यासारखी वाटायची. खालून बघताना मान मागे गेली आणि टोपी पडली. एकेक पातं हवा कापत खाली यायचं आणि जाताना हुंकार देऊन जायचं.

दाराशी गेल्यावर मात्र त्यांना ओळखीचं काही दिसलं.

"हे तर माझ्याच दुकानातलं," त्यांनी कुलूप प्रेमानं तळहातावर तोललं. "सात लिव्हरचं. दोन वर्सांपूर्वी अशी अकरा नेली कंपनीनं. प्रत्येक डबीत कुलूप, तीन किल्ल्या आणि गॅरंटीचा कागद. गंजलं का बघा. न्हाय गंजलं."

नंदीशने दार उघडलं. आत भिंतीवर मुठीएवढं लाल बटण होतं. त्याच्यावर पांढुरकी भुकटी लागली होती.

"चुना," लिंबाजी हळूच म्हणाले. "गोरोबा तंबाखू खातो. येताना म्या बघितलं. तंबाखू मळलेल्या हातानं बटण दाबलं त्यानं."

शिवकन्याताईंनी ती भुकटी बोटावर घेतली, हुंगली आणि जिभेच्या टोकाला लावली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

गोरोबा हात जोडूनच समोर आला. "माझी चाकरी जाणार, व्हय?"

"सकाळी तुम्ही एक नंबरला असता. त्याऐवजी इथंच उभं राहून फोटो का काढत नाही? चोर सापडला असता."

"म्या तेच म्हणलं. सायेब म्हणले, नेमात एक नंबर लिवलाय."

"आणि किल्ली?"

त्यानं सदरा वर केला. करदोट्याला किल्ली होती, आणि गाठ इतकी जुनी की ती सोडायला सुरी लागली असती. "आंघोळीलाबी काढत न्हाय," तो म्हणाला.

गजराबाईंचं घर चक्कीच्या पूर्वेला, ज्वारीच्या रानाच्या कडेला होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत.

"कंपनीचं माणूस का तुमी?"

"कंपनीनं बोलावलेली," ताई म्हणाल्या. "पण ऐकून घ्यायला आलेय. त्रास काय आहे?"

त्या 'ऐकून घ्यायला'वर गजराबाईंनी घोंगडी अंथरली. "दिवसा कळत न्हाय. दिवसा सतरा आवाज. रातच्याला गाव निजलं की सुरू व्हतंय. हूं, हूं. उशाशी बसून कुणी जातं ओढतंय जणू. दोन वर्सं झाली, रात म्हून डोळ्याला डोळा न्हाय. सरपंचाला सांगितलं, तर म्हनला, कापूस घाल कानात."

"सकाळी साडेसातला कुठं असता?"

"निजलेली. उजाडलं की मग डोळा लागतो. साडेसातला मला उठवून दावा, मग म्हना गजराबाईनं चक्की बंद केली."

लिंबाजींना ते पटलं नाही. झोप येत नाही म्हणणारी माणसं खोटं बोलतात, असा त्यांचा घरचा अनुभव होता.

रेवणसिद्ध माळावर मेंढरं चारत होता. त्याला काही विचारावंच लागलं नाही.

"ढग येत्यात तिकडनं, बार्शीच्या अंगानं," त्यानं काठी फिरवून दाखवलं. "ही पाती त्यास्नी हाकलून लावत्यात. आमी समद्या माळानं बघितलंय. पाऊस पुढं जाऊन पडतोय."

"त्याला शास्त्रात आधार नाही," नंदीश दमून म्हणाला. हे वाक्य त्यानं शंभरदा तरी म्हटलेलं असावं.

"शास्त्र राहू द्या. माज्या हातात आली ना चक्की, तर ढग येतील त्या दिवशी बंद ठेवीन. तवाच तर गरज हाय."

"कबुली," लिंबाजी ताईंच्या कानाशी पुटपुटले. "ऐकलंत का? सरळ कबुली."

"ऐकलं," ताई म्हणाल्या. "तुम्हीही लक्षात ठेवा."

*

सरपंच राजशेखर यांच्या ओसरीवर त्यांना मानाने खुर्च्या मिळाल्या. नऊ नंबरची चक्की त्यांच्याच जमिनीत होती.

"खडकमाळ आता देशाला वीज पुरवतं," सरपंच म्हणाले, आणि डोक्यावरचा पंखा थांबला. त्यांनी शांतपणे टेबलावरचं पुठ्ठ्याचा हातपंखा उचलला आणि वारा घेत पुढे बोलू लागले. "धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. आपल्या लोकांना चांगलं बघवत नाही, ताई. रोज नवीन गाऱ्हाणं. कुणी म्हणतं आवाज, कुणी म्हणतं ढग, कुणी म्हणतं सावली. सगळे मनाचे खेळ."

"सकाळच्या वेळी नऊ नंबरकडून कोण कोण जातं?"

"रेवणसिद्ध मेंढरं घेऊन. शाळेचे मास्तर मोटारसायकलवर. आणि आमची आई. आमचे आप्पा चैत्रात गेले. आमच्या लिंगायतांत दफन करतात, त्यामुळं शेतातच समाधी बांधलीय, चक्कीच्या पश्चिमेला, चारेकशे पावलांवर. आई रोज तिथं पूजा करून येते."

आतून रुद्रम्मा चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, वाळक्या, सत्तरीच्या पुढच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. लिंबाजींनी 'बरं आहे का आई' म्हणून विचारलं, तर त्यांनी आणखी साखर आणून दिली.

"तिला कमी ऐकू येतं," राजशेखर म्हणाले.

भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो होता. पवनचक्कीचं दार उघडं, धोतर नेसलेले सिद्धेश्वरआप्पा, शेजारी रुद्रम्मा आणि त्यांच्यापुढे तबक धरून वाकलेला नंदीश. तबकात झेंडूच्या फुलांत काहीतरी चकाकत होतं.

"आजींच्याच हातानं नारळ फोडला," नंदीश आठवून हसला. "त्यांना आतही नेलं होतं. शिडी, पेट्या, बटणं, सगळं बघितलं त्यांनी. आमच्या साहेबांपेक्षा जास्त प्रश्न विचारले."

ताई फोटोजवळ जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी सरपंचांना उद्या सकाळी सव्वासातला समाधीपाशी येण्याची विनंती केली. सगळ्यांनाच बोलवा, म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर लिंबाजींनी निकाल देऊन टाकला. "रेवणसिद्ध डोकं, गोरोबा हात. चुन्याचा पुरावा हाय."

"चुना जिभेला लावून बघा एकदा," मागे बसलेल्या ताई म्हणाल्या.

घरी गेल्यावर त्यांनी पाहिला. तोंड पोळलं. रात्रीचं जेवण ताकभातावर भागलं, पण ताईंना यातून काय सांगायचं होतं हे त्यांना कळलं नाही.

*

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. नंदीश, गोरोबा, रेवणसिद्ध आणि सरपंच समाधीभोवती उभे होते. गजराबाई झोपमोड झाल्याच्या रागात पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या होत्या. रुद्रम्मा समाधीच्या कट्ट्यावर होत्या, पण गळ्यातली इष्टलिंगाची डबी त्यांनी उघडली नव्हती. सूर्य पवनचक्कीच्या मागे होता.

"लिंबाजीभाऊ, डावा तळहात पुढं करा," ताईंनी त्यावर एक सुपारी ठेवली. "कट्ट्यावर बसा. हिच्याकडं बघत राहा. नजर हलवायची नाही."

लिंबाजींनी मोठ्या जबाबदारीनं सुपारीकडे पाहायला सुरुवात केली. जरा वेळ काही झालं नाही. मग तळहातावरून काळं काहीतरी सर्रकन गेलं. सुपारी दिसेनाशी झाली, दिसली, पुन्हा गेली. एक, दोन, तीन. मिनिटभर त्यांनी दात आवळून धरले. मग कट्टा फिरतोय की आपण, हे समजेना. सुपारी पडली आणि पाठोपाठ लिंबाजीही जमिनीवर बसले.

"पात्यांची सावली," ताई म्हणाल्या. "आता ऐका. नंदीश तीन दिवस पाळतीला बसले आणि त्याच तीन दिवशी चक्की थांबली नाही. सगळ्यांना वाटलं, चोराला खबर लागली. पण चौदा, पंधरा, सोळा या तारखा मी आधीच ऐकल्या होत्या. लिंबाजीभाऊंचा रंग वाळला नाही ते हेच दिवस. ऊन पडलंच नव्हतं. चक्की थांबवणाऱ्याला नंदीशशी देणंघेणं नव्हतं. त्याचं भांडण उन्हाशी होतं."

रेवणसिद्धने काठीवर हनुवटी टेकली.

"हा रेवणसिद्ध ढगाच्या दिवशी चक्की बंद ठेवीन म्हणतो. प्रत्यक्षात ढगाच्या दिवशीच ती चालू राहिली. म्हणून हा सुटला. गजराबाईंना त्रास रात्रीचा. रात्री चक्की एकदाही थांबलेली नाही. शिवाय त्यांचं घर पूर्वेला, सकाळची सावली पडते पश्चिमेला. त्याही सुटल्या."

"म्या कालच सांगितलं व्हतं," गजराबाई पदराआडून म्हणाल्या.

"राहिलं बटणावरचं पांढरं. लिंबाजीभाऊ, चुना कसा लागला?"

"पोळला," लिंबाजी खालूनच म्हणाले. आणि एकदम त्यांना कळलं. काल ताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"ते बटणावरचं मुळीच पोळलं नाही. ती विभूती होती. आता किल्ली. नंदीश म्हणाले दोन. कुलूप विकणारे म्हणाले, डबीत तीन येतात. तिसरी कुठं गेली?"

नंदीशचा चेहरा हळूहळू पडत गेला. "तबकात," तो म्हणाला. "उद्घाटनाला. झेंडूच्या फुलांत ठेवून मीच दिली. मानाची म्हणून. ती परत घ्यायची राहिली, आणि मग मी विसरूनच गेलो."

"शेवटचं सरपंचांनी सांगितलं. आवाज, ढग आणि सावली. आवाज गजराबाईंचा, ढग रेवणसिद्धचे. सावलीची तक्रार सगळ्या गावात कुणीच केली नव्हती. मग ती तुम्ही कुणाकडून ऐकलीत, राजशेखर?"

राजशेखर उत्तर देण्याआधी रुद्रम्मांनी कनवटीची किल्ली काढून कट्ट्यावर ठेवली. त्यांना सगळं ऐकू आलं नसावं, पण सगळ्यांच्या माना कुठे वळल्या ते दिसत होतं.

"म्याच," त्या म्हणाल्या. "तळहातावर लिंग घ्यायचं, नजर लावायची. पन्नास वर्सं लावली. दसऱ्यापर्यंत हितं सावली नव्हती. मग सूर्य सरकला तशी ती सरकत आली. आता आप्पांपाशी बसलं की एकेक पातं लिंगावरनं जातं. डोळं मिटून करायची ती पूजा न्हवं. ह्या पोरानंच दावलं व्हतं, काय संकट आलं तर लाल बटण दाबा आजी. मला संकटच वाटलं. दाबलं. पूजा झाली की पुन्हा सोडून येत व्हते. कुणाचं मोडून ठेवलं न्हाय."

"आई, मला सांगायचंस," राजशेखर म्हणाले.

रुद्रम्मांनी हे मात्र नीट ऐकलं. "दोनदा सांगितलं. मनाचा खेळ हाय म्हनलास. तुला भाषनाला जायचं व्हतं."

गोरोबा उपरण्यानं डोळे टिपत होता. नोकरी वाचल्याचं आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"आजी, मी ती किल्ली विसरलो आणि आळ गोरोबांवर आला होता," नंदीश त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला.

रुद्रम्मा दचकल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी गोरोबाकडे पाहून दोन्ही हात जोडले, आणि गोरोबा इतका गडबडला की तो त्यांच्या पाया पडला.

शिवकन्याताई नंदीशकडे वळल्या. "तुमच्या यंत्राला सूर्य कळतो का?"

"कळतो," तो म्हणाला. "त्याच्यात सोय आहे. ठरलेल्या जागी सावली पडत असेल तेवढा वेळ चक्की आपोआप थांबते, आभाळ असलं तर थांबत नाही. पण ती आम्ही चालू केलेली नाही. चक्की बसवताना गावाकडून लेखी घेतलं होतं, इथं कुणाला त्रास नाही म्हणून."

"त्यावर सही माझी आहे," राजशेखर म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज ओसरीवरच्यापेक्षा लहान होता. "नवीन कागद आणा. आत्ताच लिहून देतो."

"सावलीचं झालं," गजराबाई उठल्या. पदर मागे गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळ्यांना दिसली. "माझ्या आवाजाचं काय? त्याला कुठली सावली न्हाय, हातावर धरून दावायला."

नंदीश कंपनीच्या शिबिरात शिकलेलं वाक्य म्हणणार होता. लिंबाजींना ते त्याच्या ओठांवर आलेलं दिसलं. पण त्यानं ते गिळलं. "आज रात्री मी तुमच्याकडं मुक्कामाला येऊ का, मावशी?" त्यानं विचारलं.

"ये," गजराबाई म्हणाल्या. "झोपायला न्हवं. ऐकायला ये."

सोमवारी दुपारी नंदीशचा फोन आला तेव्हा लिंबाजी गिऱ्हाइकाला खिळे मोजून देत होते. ते खिळे तसेच टाकून ते जिना चढले आणि फोन ताईंच्या टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

नंदीशचा घसा बसला होता. रात्रभर तो जागाच होता. पहाटे तीनला तो उठून अंगणात गेला, तर गजराबाई आधीच तिथं बसलेल्या. दोघांनी उजाडेपर्यंत चहा पीत गप्पा मारल्या. सकाळी मॅनेजरसाहेब आले. गोरोबाचं आणि पोलीस केसचं प्रकरण मिटलं, सावलीचा अर्ज साहेबांनी ठेवून घेतला. मग त्यांनी वार्षिक अहवाल पुढे सरकवला. त्यात 'आवाजाचा त्रास: नगण्य' असं छापलेलंच असतं, इंजिनिअरनं फक्त सही करायची.

"मी 'नगण्य' खोडलं," नंदीश म्हणाला. "साहेब म्हणाले, पुरावा काय?"

"मग?" लिंबाजींना धीर धरवेना.

"मी म्हटलं, आज रात्री राहा. मावशींनी तुमच्यासाठी दुसरी घोंगडी उन्हात टाकलीय."